डिस्चार्ज मिळाला, पण खाट रिकामी कधी होते?

"हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशन म्हणजे करतोस तरी काय रे तू?" सराफ्यातल्या आमच्या गल्लीत दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच. डॉक्टर नाही, नर्स नाही, मग दवाखान्यात तुझं काम काय? मंडळातल्या ज्युनियर मंडळींनीही तेच विचारलं, म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं.

सराफ्याचंच बघा. रात्री सोन्याचांदीच्या पेढ्यांची शटरं पडतात आणि त्याच ओटल्यांसमोर भुट्ट्याचा कीस, गराडू, जिलेबी मांडली जाते. जागा तीच, धंदा दुसरा. पेढीवाल्याने आवरायला उशीर केला की ठेलेवाल्याची कढई उशिरा तापते. हॉस्पिटलात खाटेचं असंच असतं.

सकाळच्या राउंडला डॉक्टर म्हणतात, "आज घरी जा." नातेवाईक पिशव्या भरून तयार. पण उरलेली औषधं फार्मसीत परत जायची असतात, शेवटच्या तपासण्या बिलात चढायच्या असतात, डिस्चार्ज समरी टाइप व्हायची असते. विमा असला तर बिल टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्यांकडे, मंजुरीला जातं. संध्याकाळचे पाच वाजतात. रोगी बरा झालाय, चिडलाय, आणि खाट अडलीय. खाली कॅज्युअल्टीत स्ट्रेचरवर कुणाची तरी आई त्याच खाटेची वाट बघत असते.

आता थोडा हिशेब. 100 खाटा आणि रोग्याचा सरासरी मुक्काम 5 दिवस, तर दिवसाला 20 नवे रोगी घेता येतात. मुक्काम साडेचार दिवसांवर आला, तर 22. एकही नवी खाट विकत न घेता महिन्याला साठाहून जास्त माणसांना जागा! उपाय ऐकायला सोपा आहे: उद्या कोण जाणार याची यादी आदल्या संध्याकाळीच करा, समरी रात्रीच तयार ठेवा. पण वॉर्ड, फार्मसी, बिलिंग या सगळ्यांचे साहेब वेगळे. त्यांना एका घड्याळावर आणणं, हेच आमचं काम.

यासाठी दोन वर्षांत हिशेब, संख्याशास्त्र, साथरोगशास्त्र, कायदे, दवाखान्यातल्या कचऱ्याचे नियम असं बरंच शिकवतात. 2018 पासून आयुष्मान भारतमुळे पात्र कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. त्याची कागदपत्रंही कुणीतरी सांभाळावी लागतातच. खरं शिक्षण मात्र इंटर्नशिपमध्ये होतं, असं माझं मत.

आपल्या इंदूरात देवी अहिल्या विद्यापीठाच्या आय.एम.एस.मध्ये हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचं एम.बी.ए. आहे. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था, पुण्यात सिंबायोसिस. दिल्लीच्या एम्समध्ये याच विषयात एम.डी. आहे, पण ते एमबीबीएसवाल्यांसाठी. बाकी ठिकाणी डॉक्टर असण्याची अट नाही. बी.ए.ची मुलं उगाच बिचकतात. संमतिपत्र घाबरलेल्या माणसाला समजेल अशा भाषेत लिहिणं, रागावलेल्या नातेवाइकाच्या अर्जातली नेमकी तक्रार ओळखणं, हे भाषेचंच काम आहे की!

अर्ज भरायच्या आधी एक करा. एम.वाय.च्या ओ.पी.डी.त एक सकाळ बसा. पर्ची, तपासणी, एक्स-रे, औषधाची खिडकी... एकच माणूस किती रांगांत उभा राहतो आणि प्रत्येक रांगेत किती मिनिटं, ते वहीत टिपून ठेवा. त्याचा कंटाळा आला, तर फी भरण्याआधी कळलेलं बरं.