मालीश शिकायची, तर आधी काय शिकायचे?

कळंब तालुक्यात काय किंवा विदर्भातल्या इतर कोणत्याही तालुक्यात काय, मालीश हे काम नवे नाही. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ-माखू घालणारी बाई महिना-दीड महिना रोज सकाळी घरी येते. तेल कोमट करते, दोघांच्या अंगाला चोळते, शेक देते आणि पुढच्या घरी जाते. लचकलेली कंबर किंवा धरलेली मान मोकळी करून देणारा एखादा जाणकारही चार गावांत एक तरी सापडतोच. नवे आहे ते या कामाचे रीतसर शिक्षण घेऊन त्यावर पोट भरणे. दहावी-बारावी झाली की ‘मसाज थेरपिस्ट’, ‘स्पा थेरपिस्ट’, ‘पंचकर्म तंत्रज्ञ’ अशा नावांच्या अभ्यासक्रमांच्या जाहिराती मुलामुलींच्या मोबाइलवर येऊ लागतात. कुठे सात दिवसांत प्रमाणपत्र मिळते, कुठे वर्ष घालवावे लागते. या दोहोंतला फरक शुल्क भरण्याआधी समजून घ्यायला हवा. कारण इथे अपुऱ्या शिक्षणाचा फटका दुसऱ्याच्या शरीराला बसतो.

दिल्लीतल्या एका २३ वर्षांच्या तरुणाचे प्रकरण २०१७ मध्ये देशभरच्या वृत्तपत्रांत आले होते. बॅडमिंटन खेळताना घोटा दुखावला म्हणून त्याच्या पायाला प्लास्टर घातले होते. प्लास्टर काढल्यावरही पाय दुखत होता, सूज होती. आईने तेल लावून पोटरी चोळून दिली. पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी धरली होती. ती सुटून फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत जाऊन अडकली आणि तरुण दगावला. आईने केले ते कोणत्याही घरात झाले असते. मात्र पैसे घेऊन मालीश करणाऱ्याला ‘मला ठाऊक नव्हते’ असे म्हणून सुटता येत नाही.

अशी गुठळी प्लास्टरमधल्या पायात होते, तशी मोठ्या शस्त्रक्रियेनंतर, बरेच दिवस अंथरुणाला खिळलेल्या माणसात आणि बाळंतिणीतही होऊ शकते. बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत तिचा धोका एरवीपेक्षा बराच जास्त असतो, आणि सिझेरियन झाले असेल तर आणखी वाढतो. आपल्याकडे बाळंतिणीच्या पोटऱ्या रोज रगडल्या जातात त्या नेमक्या याच काळात. त्यामुळे मालिशीच्या शाळेचा पहिला धडा तेल हाती घेण्याआधी दोन्ही पाय शेजारी ठेवून पाहण्याचा असायला हवा. एकच पोटरी सुजली आहे का? ती दुसरीपेक्षा गरम लागते का? दाबल्यावर दुखते का? उत्तर ‘हो’ आले तर त्या पायाला हात लावायचा नाही, त्याच दिवशी दवाखान्यात पाठवायचे. धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर तासाचाही उशीर नको. सिझेरियनच्या ताज्या टाक्यांच्या आसपास पोट चोळणे हेही असेच वर्ज्य.

आपल्या भागात याला आणखी एक धडा जोडायला हवा. परराज्यातल्या किंवा परदेशी पुस्तकावरून शिकवणाऱ्या शाळेत तो बहुधा नसतो. विदर्भातल्या आदिवासी आणि इतर काही समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक आजार आढळतो. त्यात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हातपाय, पाठ, सांधे असह्य दुखतात. घरच्यांना वाटते की अंग आखडले, आणि मालीश करणाऱ्याला बोलावणे जाते. अशा दुखण्यात पाणी, ऊब, वेदनाशामक औषध आणि गरज पडली तर दवाखाना लागतो. जोर लावून केलेल्या रगडण्याने मूळ कारण हलत नाही. काही रुग्णांत खुब्याच्या हाडाचा गोल भाग रक्तपुरवठ्याअभावी खराब होतो. तो ‘आखडलेला’ खुबा पिळून मोकळा करायला गेले तर नुकसानच होते. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली आणि तपासणी झालेल्यांना तशी कार्डे दिली जातात. लहान मुलाची किंवा तरुणाची अशी वेदना घेऊन कोणी आले, तर ‘सिकलसेलची तपासणी झाली आहे का?’ हा प्रश्न यवतमाळ जिल्ह्यात काम करणाऱ्या प्रत्येक मालीशवाल्याच्या तोंडी असायला हवा.

जुन्या मधुमेहाच्या रुग्णाचे पाय बधिर झालेले असतात. तेल जास्त गरम आहे हे त्याला कळत नाही आणि फोड आल्यावरच घरात कोणाच्या तरी लक्षात येते. कुष्ठरोगातही मज्जातंतू बाधित होऊन हातापायांची संवेदना जाते. मात्र त्या रुग्णांना हात-पाय पाण्यात भिजवून तेल चोळण्याचा सल्ला डॉक्टरच देतात, कारण कोरड्या पडलेल्या कातडीला भेगा जाऊन जखमा होतात. म्हणजे बधिर पाय पाहून नुसते ‘नको’ म्हणून भागत नाही. तेलाची उष्णता आपल्या कोपराला लावून पाहायची, बोटांच्या बेचक्यांत जखम आहे का ते बघायचे आणि मग हलक्या हाताने काम करायचे, एवढे यायला लागते.

हा विचार आपल्याला परका नाही. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त दिनचर्येच्या अध्यायात रोज तेल लावायला सांगितले आहे, विशेषतः डोके, कान आणि पायांना. लगोलग ते कोणी लावू नये हेही सांगितले आहे : कफाने ग्रासलेल्याने, नुकतेच शोधन झालेल्याने, अजीर्ण झालेल्याने. ग्रंथातला पहिला भाग जाहिरातीत येतो आणि दुसरा गाळला जातो.

आता प्रत्यक्ष हाताचे शिक्षण. जगभरच्या शाळांत जी ‘स्वीडिश’ मालीश शिकवतात, तिच्या मूळ क्रिया पाच : लांब, सपाट हात फिरवणे, कणीक तिंबल्यासारखे स्नायू मळणे, एका जागी घासणे, हलके थापटणे, आणि कंप देणे. नाव स्वीडनचे असले तरी या क्रियांची आजची मांडणी योहान मेझगर या १९व्या शतकातल्या डच डॉक्टरची मानली जाते. स्वीडनच्या पेर हेन्रिक लिंग यांचा भर प्रामुख्याने व्यायामावर होता. या पाच क्रिया दोन दिवसांत दाखवून होतात, आणि म्हणूनच सात दिवसांचा वर्ग भरवता येतो. वेळ जातो तो दाब ओळखायला. मांडीला जेवढा दाब चालतो, तेवढा गुडघ्याच्या मागच्या खोलगट भागात चालत नाही, कारण तिथे मोठी रक्तवाहिनी आणि मज्जातंतू कातडीच्या बरेच जवळून जातात. मानेच्या पुढच्या बाजूला, काखेत आणि जांघेत तीच गोष्ट. मान झटक्याने फिरवून ‘कटकन’ आवाज काढणे तर शिकूच नये. त्या झटक्याने मानेतली धमनी आतून फाटून अर्धांगवायू झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. केस कापून झाल्यावर खुर्चीतच मान मोडून घेणाऱ्या गिऱ्हाइकांनीही हे लक्षात ठेवलेले बरे.

छोट्या शाळेचा फायदा इथे दिसतो. आठ-दहा विद्यार्थी आणि चार टेबले असली की प्रत्येकाच्या हाताखाली शिक्षकाचे लक्ष राहते. शिवाय विद्यार्थी एकमेकांवर सराव करतात, म्हणजे निम्मा वेळ टेबलावर पडून राहायचे असते. तोही अभ्यासच. अंगठा कुठे रुतला, नख कुठे लागले, चादर सरकल्यावर कसे संकोचल्यासारखे झाले, हे स्वतःच्या अंगावर अनुभवल्याशिवाय समजत नाही. शंभर जणांच्या सभागृहात पडद्यावर चित्रफीत दाखवणाऱ्या संस्थेत हे घडू शकत नाही, तिथले प्रमाणपत्र कितीही चकचकीत असो.

तासांचा हिशेब करून पाहावा. सात दिवस रोज सहा तास म्हणजे ४२ तास. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत मालिशीच्या परवान्यासाठी किमान ५०० तासांचे शिक्षण लागते. न्यूयॉर्कमध्ये १,००० तास. जपानमध्ये तर हे तीन वर्षांचे शिक्षण आहे आणि शेवटी राष्ट्रीय परीक्षा. १७व्या शतकात तिथे सुगियामा वाइची या अंध वैद्याने अंध विद्यार्थ्यांसाठी सुया टोचण्याच्या उपचाराच्या आणि मालिशीच्या शाळा उभ्या केल्या. तेव्हापासून हा तिथल्या अंध व्यक्तींचा मानाचा व्यवसाय राहिला आहे. आपल्याकडे फिजिओथेरपिस्टसाठी पदवी आणि नोंदणी आहे, मालीश करणाऱ्यासाठी तशी स्वतंत्र परिषद नाही. म्हणून मालिशीचे प्रमाणपत्र घेतलेल्याने स्वतःला फिजिओथेरपिस्ट म्हणवून घेऊ नये. शाळा तशी पाटी लावायला सांगत असेल, तर तिथून बाहेर पडावे.

मग जायचे कुठे? पुण्यात ताडीवाला रोडवर राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे, केंद्रीय आयुष मंत्रालयाच्या अखत्यारीतली. डॉ. दिनशॉ मेहता यांचे निसर्गोपचार केंद्र पूर्वी याच जागी होते आणि गांधीजी तिथे राहून गेले होते. उपचार सहायकांसाठी तिथे एक वर्षाचा प्रशिक्षणक्रम चालतो. मालिशीबरोबर माती आणि पाण्याचे उपचारही शिकवले जातात. पुण्याजवळच उरुळी कांचनला १९४६ मध्ये गांधीजींनी सुरू केलेला आणि पुढे मणिभाई देसाईंनी सांभाळलेला निसर्गोपचार आश्रम आहे. केरळात चेरुथुरुथीच्या राष्ट्रीय पंचकर्म संशोधन संस्थेचा तंत्रज्ञ अभ्यासक्रमही वर्षभराचा. कौशल्य विकासाच्या राष्ट्रीय चौकटीत ‘पंचकर्म तंत्रज्ञ’ आणि ‘स्पा थेरपिस्ट’ या दोन्हींचे ठरलेले अभ्यासक्रम आहेत. एखाद्या छोट्या खासगी शाळेत जायचे असेल, तर तिचे प्रमाणपत्र या चौकटीत बसते का, हा पहिला प्रश्न.

कळंबच्या मुलामुलींनी पुण्याची गाडी पकडण्याआधी जवळपास पाहून यावे. यवतमाळला आणि वर्ध्याजवळ सालोडला आयुर्वेद महाविद्यालये आहेत. स्नेहन-स्वेदन म्हणजे काय आणि हे काम दिवसभर उभे राहून आपल्याला झेपेल का, याचा अंदाज तिथला पंचकर्म विभाग परवानगी घेऊन एक दिवस पाहिला तरी येतो. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी खुला झाला, तेव्हा वर्ध्याला जायला एसटीच्या जोडीला रेल्वेही आहे.

मालिशीने नेमके काय साधते, हेही शाळेने प्रामाणिकपणे सांगायला हवे. कंबरदुखीवरच्या २५ चाचण्यांचा आढावा कोक्रेन या संस्थेने २०१५ मध्ये घेतला. मालिशीने थोड्या काळापुरता आराम पडतो असे दिसले. तो टिकतो असे दिसले नाही, आणि पुरावाही कमकुवत होता. व्यायामानंतरच्या मालिशीने स्नायूंतले ‘लॅक्टिक आम्ल निघून जाते’ हा समज तर २०१२ मध्येच खोटा ठरला. ११ तरुणांच्या मांडीच्या स्नायूंचे नमुने तपासले, तेव्हा लॅक्टेटमध्ये काही फरक नव्हता, पण दाहाच्या खुणा मात्र कमी झाल्या होत्या. सर्वांत बोलका आकडा कमी दिवसांच्या बाळांचा आहे. टिफनी फील्ड आणि सहकाऱ्यांच्या १९८६ मधल्या अभ्यासात, रोज तीनदा १५ मिनिटे अंगावरून हात फिरवून हातपाय हलवलेल्या बाळांचे वजन रोज ४७ टक्के जास्त वाढले. त्या बाळांना कोणी उलटे टांगले नव्हते, नाक ओढले नव्हते की नाका-कानात तेल सोडले नव्हते. नाकातले तेल फुप्फुसात उतरले तर बाळाला न्यूमोनिया होतो. पिढ्यान्‌पिढ्या बाळांना न्हाऊ घालणाऱ्या बायांच्या हातात जी माया आणि सफाई असते ती कोणत्याही शाळेत विकत मिळत नाही. त्यांना गरज आहे ती या चार-सहा गोष्टी कोणीतरी आदराने सांगण्याची. आशाताईंच्या बैठकीत त्यांनाही बोलावले, तर ते तेवढ्यात होण्यासारखे आहे.

राहिला प्रश्न काम करणाऱ्याच्या स्वतःच्या शरीराचा आणि मानाचा. हे काम ‘खालचे’ मानायची जुनी सवय गेलेली नाही, आणि ‘स्पा’ म्हटले की मुलींच्या घरचे दचकतात. त्यांची भीती निराधारही नसते. म्हणून मालीश घेणाऱ्याच्या अंगावर चादर कशी ठेवायची, कुठे हात लावण्यापूर्वी विचारायचे, गिऱ्हाईक पायरी सोडून वागले तर काम तिथेच थांबवून बाहेर कसे यायचे, हे शाळेत सांगून नव्हे तर करून घेतले पाहिजे. नोकरी देणाऱ्या ठिकाणी दाराला बाहेरून उघडता येईल अशी कडी आहे का, मालकाने तक्रार ऐकून घ्यायला कोणाला नेमले आहे का, हे नेमणूकपत्र हाती घेण्याआधी विचारावे.

शरीराचे म्हणाल, तर आधी अंगठे जातात. दिवसाला पाच-सहा जणांची मालीश करणारा सगळा जोर अंगठ्यांवर देत राहिला, तर काही वर्षांतच त्याचे मनगट आणि अंगठ्याचे सांधे दुखायला लागतात. चांगला शिक्षक पहिल्या आठवड्यातच टेबलाची उंची ठरवायला शिकवतो. सरळ उभे राहून हात खाली सोडले की मुठीची हाडे जिथे टेकतील, साधारण तेवढी उंची. मग एक पाय पुढे, एक मागे, कोपर फार न वाकवता, जोर खांद्यातून नव्हे तर अंगाच्या भाराने द्यायचा. खोल दाब हवा असेल तिथे अंगठ्याऐवजी पुढचा हात किंवा कोपर वापरायचे. प्रवेश घेण्याआधी शाळेत तासभर बसून पाहण्याची परवानगी मागावी. ती मिळाली, तर शिकवणाऱ्याच्या तोंडाकडे कमी आणि पायांकडे जास्त पाहावे.