कुंपणावरील मतदारास

निवडणूक कोणतीही असो, महाविद्यालयातील प्राध्यापकांच्या खोलीत एक वाक्य हमखास कानी पडते : "सगळे सारखेच हो! मत द्यायचे तरी कोणाला?" हे वाक्य उच्चारणारा गृहस्थ अडाणी नसतो. तो रोज दोन वर्तमानपत्रे वाचतो, अग्रलेखावर मत देतो. किंबहुना अधिक वाचल्यामुळेच त्याचा निर्णय होत नाही. सभेला घोषणा देत जाणाऱ्यांची मते आधीच ठरलेली असतात. निकालाचे पारडे फिरते ते या कुंपणावर बसलेल्या शिक्षकाच्या, कचेरीतल्या कारकुनाच्या आणि प्रथमच मतदान करणाऱ्या विद्यार्थ्याच्या मताने. तेव्हा त्याच्या या वाक्याचा नीट विचार व्हावयास हवा.

या तक्रारीत तथ्य नाही असे मुळीच नाही. १९२९ साली हॅरॉल्ड हॉटेलिंग या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने एक साधे कोडे मांडले. ते आपल्याकडच्या भाषेत असे सांगता येईल : लांबलचक चौपाटीवर दोन भेळवाले आहेत. ग्राहकांच्या सोयीचा विचार केला तर दोघांनी दोन अंगांना, थोडे दूर दूर उभे राहावे. पण प्रत्येकजण दुसऱ्याचे गिऱ्हाईक ओढण्यासाठी मध्याकडे सरकत जातो आणि शेवटी दोन्ही गाड्या मधोमध, खांद्याला खांदा लावून उभ्या राहतात. राजकीय पक्षांचेही असेच होते, हे हॉटेलिंगने त्याच लेखात सुचविले होते. पुढे १९५७ साली अँथनी डाउन्सने त्यावर लोकशाहीचा एक संपूर्ण सिद्धान्त उभा केला.

महाराष्ट्राने हा सिद्धान्त नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत प्रत्यक्ष पाहिला. महिलांना दरमहा १५०० रुपये देणारी लाडकी बहीण योजना त्याच वर्षी सुरू झालेली. सत्ताधारी महायुतीने ती रक्कम २१०० करण्याचे वचन दिले. महाविकास आघाडीने ३००० रुपयांचे. शेतकऱ्यांच्या कर्जमाफीचे आश्वासन दोन्हीकडे होतेच. मूळ योजनेला वर्षाकाठी ४६ हजार कोटी रुपये लागतील असा सरकारचाच अंदाज होता. लाभार्थींची संख्या तीच धरली तर २१०० च्या हिशेबाने हा आकडा ६४ हजार कोटींच्या वर जातो आणि ३००० च्या हिशेबाने ९२ हजार कोटींवर. हा पैसा कोठून येणार, हा त्रैराशिकाचा प्रश्न दोन्ही व्यासपीठांवरून कोणी फारसा सोडवून दाखविला नाही. मार्च २०२५ मध्ये मांडलेल्या अर्थसंकल्पात योजनेसाठी ३६ हजार कोटींची तरतूद होती. २१०० रुपयांची नव्हती. दारिद्र्यात दिवस काढणाऱ्या स्त्रीच्या हाती थेट पैसा पडणे ही गोष्ट प्रस्तुत लेखकाला तुच्छ वाटत नाही. आक्षेप आहे तो बेरीज लपवण्याला.

जाहीरनामे सारखे झाले, एवढे मान्य करू. पण त्यावरून उमेदवारही सारखे ठरतात काय? येथेच आपला गृहस्थ घसरतो. मतपत्रिकेवर नाव जाहीरनाम्याचे नसते, माणसाचे असते. शिवाय चिन्ह पाहून मत देण्याची जुनी सोयही आता पूर्वीसारखी भरवशाची उरलेली नाही. २०२४ मध्ये शिवसेना आणि राष्ट्रवादी काँग्रेस या दोन्ही पक्षांचे दोन-दोन भाग एकमेकांविरुद्ध लढले. कालपर्यंत एका कार्यालयात बसणारे दोघे आज समोरासमोर उभे राहिले, की मतदाराला माणूस पाहण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

माणूस पाहावयाचा म्हणजे काय करावयाचे? त्याचे भाषण ऐकणे हा सर्वांत वाईट मार्ग. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००२ रोजी दिलेल्या निर्णयामुळे उमेदवाराला आपली मालमत्ता, कर्जे, शिक्षण आणि प्रलंबित गुन्हे शपथपत्रावर जाहीर करावे लागतात. संसदेने कायदा दुरुस्त करून यातला बराच भाग वगळण्याचा प्रयत्न केला. मार्च २००३ मध्ये न्यायालयाने तोही मोडून काढला. इतक्या झगड्यानंतर मिळालेला हा कागद निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. तो वाचतो कोण? कबूल करावयास हरकत नाही की प्रस्तुत लेखकानेही वर्गात 'माहितीची विषमता' हा विषय अनेक वर्षे शिकवल्यानंतर असा पहिला कागद स्वतः उघडून पाहिला.

तो वाचताना श्रीमंतीच्या आकड्याने दिपून जाऊ नये वा संतापूही नये. वडिलोपार्जित जमिनीची किंमत शहर वाढले की आपोआप वाढते. उमेदवार जुना असेल तर त्याची मागची आणि आताची अशी दोन शपथपत्रे शेजारी ठेवावीत आणि मधल्या पाच वर्षांतली वाढ पाहावी. प्राप्तिकर विवरणपत्रात दाखविलेले उत्पन्नही त्याच कागदावर असते. त्या उत्पन्नातून ती वाढ होऊ शकते काय, हे कोणाही कारकुनाला बोटांवर मोजता येईल. गुन्ह्यांचेही तसेच. वर्तमानपत्रे "अमुकावर पाच गुन्हे, तमुकावर दोन" असे छापून मोकळी होतात. पण पाचही गुन्हे मोर्चा काढून जमावबंदी मोडल्याचे असतील आणि दोनांपैकी एक पतसंस्थेतील ठेवीदारांना फसवल्याचा असेल, तर तुलनेचे उत्तर उलटे येते. संख्या मोजू नये, कलमे वाचावीत.

आणि तो विधिमंडळात बसून गेला असेल तर तेथे काय केले हे विचारावे. रस्त्याच्या फलकावर आपले नाव लावणे हे आमदाराचे मुख्य काम नव्हे. राज्याचा खर्च मंजूर करणे, हे त्याचे काम. अर्थसंकल्पी अधिवेशनात अनेक खात्यांच्या मागण्या चर्चेविना एका झटक्यात संमत होतात, ही आपल्या संसदीय जीवनातील खेदाची बाब. शाळांचे अनुदान, रिक्त शिक्षकपदे, महाविद्यालयांतील तासिका तत्त्वावरील नेमणुका यांविषयी आपल्या प्रतिनिधीने किती तारांकित प्रश्न विचारले, हे शिक्षकाने नाही तपासायचे तर कोणी?

तुलना टाळली की काय होते, याचे मुंबईतील सर्वांत बोलके उदाहरण १९५२ सालचे आहे. उत्तर मुंबई हा तेव्हा दोन जागांचा मतदारसंघ होता. एक सर्वसाधारण, एक राखीव. राखीव जागेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. राज्यघटना अमलात येऊन दोन वर्षेही झाली नव्हती. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ चा. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात त्यांनी मजूर खाते सांभाळलेले. हिंदू कोड बिल रखडविल्याच्या निषेधार्थ १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलेले. समोर काँग्रेसचे नारायणराव काजरोळकर. ते प्रामाणिक कार्यकर्ते होते, त्यांच्याविषयी अनुदार बोलण्याचे कारण नाही. पण दोघांची नावे एका कागदावर शेजारी लिहून, लोकसभेत कायदे करण्यासाठी यांतला कोण, एवढाच प्रश्न स्वतःला विचारला असता तर उत्तराला क्षणभरही लागला नसता. काजरोळकरांना १,३८,१३७ मते पडली आणि बाबासाहेबांना १,२३,५७६. फरक १४,५६१ चा.

त्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली स्वतंत्र पेटी असे आणि मतदाराजवळ दोन मतपत्रिका असत. दोन्ही एकाच पेटीत टाकल्या तर एक बाद. चौऱ्याहत्तर हजारांवर मते अशी वाया गेल्याचा आकडा पुढे आला. विजयाच्या अंतराच्या पाचपट! आपल्या माणसाला दोन्ही द्या, दुसरे मत कुजवा, पण समोरच्याला देऊ नका, अशा प्रचाराविरुद्ध बाबासाहेब आणि सर्वसाधारण जागेवर हरलेले अशोक मेहता यांनी निवडणूक न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. ती फेटाळली गेली. लोकसभेत घटनेच्या शिल्पकाराला मुंबईने पाठविले नाही ते नाहीच. नंतर ते राज्यसभेत गेले.

मत कुजविण्याची आजची सभ्य पद्धत म्हणजे 'नोटा'. २०१३ पासून ही सोय उपलब्ध आहे आणि दोन्ही उमेदवार खरोखरच नालायक असतील तर ती वापरण्याचा हक्क कोणी नाकारू नये. मात्र लोकसभा-विधानसभेच्या निकालावर तिचा कायदेशीर परिणाम शून्य आहे, हे बटण दाबण्यापूर्वी ठाऊक असावे. इंदूरमध्ये २०२४ साली 'नोटा'ला २ लाख १८ हजारांहून अधिक मते मिळाली. खासदार मात्र जो व्हायचा तोच झाला. त्याच निवडणुकीत मुंबई वायव्य मतदारसंघात रवींद्र वायकर आणि अमोल कीर्तिकर या एकाच शिवसेनेच्या दोन भागांतील उमेदवारांमध्ये अवघ्या ४८ मतांनी निकाल लागला. एका वर्गात याहून अधिक विद्यार्थी बसतात. तेथे 'नोटा' दाबणारे मतदार हजारांत होते आणि घरी बसलेले तर लाखांत. त्यांपैकी कितीजणांनी "सगळे सारखेच" म्हटले असेल?

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आम्ही वैकल्पिक परिव्यय शिकवतो. एखाद्या वस्तूची खरी किंमत म्हणजे ती घेण्यासाठी सोडून द्यावा लागलेला दुसरा पर्याय. उमेदवाराला आदर्श पुरुषाशी ताडून पाहिले तर तो नापासच होणार. त्याला ताडून पाहावयाचे ते त्याच्या समोरच्याशी. विधान परिषदेच्या शिक्षक व पदवीधर मतदारसंघांत मतदान करणाऱ्या मंडळींना याचा सराव असावयास हवा. तेथे पहिली, दुसरी, तिसरी पसंती असा क्रमच लावावा लागतो. (तेथेही दर खेपेस सुशिक्षितांची हजारो मते चुकीच्या खुणांपायी बाद होतात, हा भाग वेगळा.) सर्वसाधारण निवडणुकीत बटण एकच, पण मनातला क्रम लावण्याचे काम तेच.

माझ्यापुरते सांगतो. दोघांची शपथपत्रे जवळपास सारखी निघाली, कामही सारखेच भरले, तर जो कमी वचन देतो आणि ते पुरे करण्यास पैसा कोठून आणणार हे सांगतो, त्याच्या बाजूने मी कुंपणावरून उतरतो. गेल्या खेपेस आमच्या मतदारसंघात असा एक होता. तो पडला. पुन्हा उभा राहिला तर त्याचा नवा कागद मी पुन्हा वाचीन, आणि त्याच्या समोरच्याचाही.