वहीत नसलेलं घर

पावसाळ्यात आमच्या सांगलीत दोन माणसं भेटली की तब्येतीची चौकशी नंतर. आधी प्रश्न, "आयर्विनला पाणी किती?" आयर्विन पुलापाशी कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ फुटांवर धोका. हे आकडे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतात. तरीही दर पुरात आपलं काही ना काही चुकतंच. मैत्रिणींनो, आज माझीच चूक सांगायची आहे. एक नाही, दोन.

पहिली २००५ ची. मुलगी आठ महिन्यांची होती. हे कामानिमित्त पुण्याला, सासू-सासरे नणंदेकडे मिरजेला. नदी वाढायला लागली तशी सासूबाईंचा फोन आला, "अगं, पोरीला घेऊन इकडे ये." पण मी कशाला ऐकतेय! मला वाटलं, आपण शिकलेल्या, खमक्या, एकटीनं निभावून नेऊ. तांदूळ, डाळ, स्टोव्ह, रॉकेलचा कॅन, पोरीची दुपटी असं सगळं माडीवर चढवलं. दारात पाणी आलं तेव्हा तर मला स्वतःचं कौतुकच वाटत होतं.

संध्याकाळी लक्षात आलं की प्यायच्या पाण्याचा एकच हंडा वर आणलाय. चहूकडे पाणीच पाणी, आणि मी घोट मोजतेय! त्यात मुलीला ताप आला. वीज गेलेली, फोन बंद. तिसऱ्या दिवशी बोटवाली मुलं आली तोवर हंड्याचा तळ दिसत होता.

खरी गंमत (गंमत तरी कशी म्हणायची!) पूर ओसरल्यावर कळली. आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात एक ताई दोन मुलांसह माडीवर अडकल्या होत्या. त्यांनी पाण्याचे तीन पिंप भरून ठेवले होते, पण स्टोव्हला रॉकेल नव्हतं. मुलांना तीन दिवस कोरडे पोहे खाऊ घातले त्यांनी. त्यांच्याकडे पाणी, माझ्याकडे रॉकेल, मध्ये एक वीत भिंत. दोघींनाही वाटत होतं की शेजारचे केव्हाच गेले असतील.

त्यातूनच आमच्या भिशीची वही सुरू झाली. आम्ही बाराजणी. भिशीच्या हिशेबाच्या वहीतच मागच्या पानांवर लिहायला लागलो. कुणाकडे दोर आहे, कुणाकडे बॅटरीवरचा रेडिओ, कुणाच्या सासऱ्यांना इन्सुलिन लागतं, कुणाच्या मुलाला पट्टीचं पोहता येतं, कुणाची सून दिवसांत आहे. ३५ फूट झाले की वही उघडायची आणि ४० ची वाट न बघता म्हातारी माणसं, बाळंतिणी, लेकरं हलवायची. सिलिंडरचा रेग्युलेटर काढायचा, मेन स्विच बंद करायचा, रेशनकार्ड, पासबुकं आणि खरेदीखत प्लास्टिकच्या पिशवीत घालून अंगाशी ठेवायचं. घरच्या पुरुषांनी थट्टा केली, "काय, महापालिका काढली वाटतं!" केली तर केली.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये त्या वहीचं चीज झालं. "२००५ ला इथवर आलं नव्हतं" या एका वाक्यानं तेव्हा कितीजणांचा घात केला! पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आधीच्या पुराच्या खुणा पार बुडाल्या. आमची बाराही घरं मात्र वेळेत विश्रामबागेतल्या मैत्रिणीकडे पोचली होती. तीन खोल्यांत तेवीस माणसं! फार गोड चित्र रंगवत नाही. संडास एक. भांडी कुणी घासायची यावरून दोघींत अबोला. महामार्ग बंद, दूध मिळेना, आणि एका काकांना मात्र दर दोन तासांनी चहा हवा. तरीही कुणाचं औषध चुकलं नाही आणि रात्री कुणी एकटं रडत बसलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बोटीतून आलेल्या एका मुलानं सांगितलं, तुमच्या बोळातल्या मागच्या खोलीतलं कुटुंब रात्रभर पत्र्यावर होतं.

आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. भाडेकरू होते ते, परगावाहून आलेले. नवरा हातगाडी लावायचा, बायको चार घरी धुणीभांडी करायची, पाच वर्षांचा मुलगा. आमच्याही दोघींकडे ती कामाला होती. पण भिशीत नव्हती, म्हणून वहीत नव्हती. बारा वर्षांहून जास्त काळ चालवलेल्या त्या वहीत कुणाकडे किती दोर आहे ते फुटात लिहिलं होतं, आणि हे घर नव्हतं.

शाळेत उघडलेल्या छावणीत मी तिला भेटायला गेले. पोराला मांडीवर घेऊन बसली होती. चिडली नाही, रडली नाही. म्हणाली, "ताई, तुमची सगळी माणसं सामान घेऊन जाताना मी दारातनं बघितली. वाटलं, आमालाबी कोण तरी सांगंल."

मी बिस्किटाचा पुडा पोराच्या हातात दिला आणि परत आले. दुसरं काय करणार होते?

एकट्यानं राहावं की गटानं, या प्रश्नाचं उत्तर मला २००५ मध्येच मिळालंय असं मी समजत होते. गट म्हटला की त्याला कुंपणही येतं, हे २०१९ नं दाखवलं. त्याच पुरात ८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली आणि कितीतरी माणसं गेली. क्षमतेपेक्षा जास्त लोक बसले होते. मागं कुणी राहू नये म्हणूनच बसले असतील ना! तेव्हा नुसतं एकत्र असूनही भागत नाही. "आता बास, पुढच्या खेपेला" असं ठामपणे सांगणारं, आणि राहिलेल्यांसाठी ती पुढची खेप खरोखर आणणारं कुणीतरी लागतं. आणि हो, गट आहे म्हणून घरात पाणी भरून ठेवायचं नाही असंही नव्हे. आपला हंडा आपणच भरायचा.

पूर ओसरल्यावर, घरातला चिखल काढायच्याही आधी, आम्ही नवी वही केली. ही वही माणसांची नाही, दारांची. बोळाच्या तोंडापासून शेवटच्या पत्र्याच्या खोलीपर्यंत एकेक दार. मालक, भाडेकरू, कोपऱ्यावरचं चहाचं खोपटं, सगळं. काहीजणींना आवडलं नाही. "एवढ्यांची जबाबदारी आपण कुठं घ्यायची?" असं विचारून एकजण भिशीतूनही बाहेर पडली. तिचंही अगदीच खोटं नव्हतं. बत्तीस दारांना फोन करताना घसा बसतो. म्हणून आता चार-चार दारं एकेकीकडे दिली आहेत आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा नंबर प्रत्येक दाराच्या आत खडूनं लिहिलाय.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी चढलं. कोरोनाचे दिवस, एका खोलीत माणसं गोळा करायचीही भीती. त्या पहाटे साडेचारला माझा मोबाइल वाजला. मागच्या खोलीतली तीच. तिच्या वाट्याची चार दारं तिनं आधीच उठवली होती.

"ताई, पुलाला छत्तीस झालं. उठा, तुमचं दार ऱ्हायलंय."