किराळ आणि कडबा

पेरणीनंतर पावसाने ओढ दिली की वर्धा जिल्ह्यात ज्वारी गुडघ्याएवढीच राहून खुंटते. दिसावयास ती हिरवीगार, आणि नेमकी त्याच अवस्थेत विषारी. ती खाल्लेले जनावर काही मिनिटांतच धापा टाकू लागते, झोकांड्या खाते, कोसळते. शेतकरी यालाच ‘किराळ लागणे’ म्हणतात.

या विषाचे शास्त्र अज्ञात नाही. कोवळ्या ज्वारीतील धुरीन हे द्रव्य चघळताना व पोटात विघटन पावते आणि त्यातून हायड्रोसायनिक आम्ल मोकळे होते. मग रक्तात प्राणवायू असूनही पेशींना तो वापरता येत नाही. पावसाचा ताण, नत्रखताची अधिक मात्रा व कापणीनंतरचे फुटवे यांत विष वाढते. फुलोऱ्यानंतर ते उतरते, आणि नीट वाळलेला कडबा बहुतांशी निर्धोक असतो. सोडियम नायट्राइट व सोडियम थायोसल्फेट शिरेतून वेळीच दिल्यास जनावर वाचू शकते. पण दवाखाना कोसावर असलेल्या गावात या ‘वेळीच’ला अर्थ तो काय?

तथापि प्रश्न केवळ पशुवैद्यकाचा नाही. विष किती वेगाने पोटात गेले, यावर पुष्कळ अवलंबून असते. थोडेथोडे विष शरीर निकामी करू शकते. म्हणूनच गोठ्यातून कडबा खाऊन निघालेल्या गाईला धोका कमी, आणि उपाशीपोटी अधाशासारखी तुटून पडणारीला अधिक. ती उपाशी का, हा मात्र अर्थकारणाचा प्रश्न होय. कपाशीने आणि पुढे सोयाबीनने ज्वारीचे क्षेत्र व्यापले. रोख पैशाच्या हिशेबाने यात शेतकऱ्याचे चुकले असे म्हणता येणार नाही. परंतु त्या हिशेबात धान्याचा भाव धरला गेला, कडब्याचा नाही. सोयाबीनचे कुटार जनावर खाते खरे, पण ते कडब्याची जागा घेत नाही. पऱ्हाटी तर चुलीतच जाते. जी थोडी ज्वारी चाऱ्यासाठी पेरली जाते, ती टंचाईत फुलोऱ्यापूर्वीच कापण्याचा मोह होतो.

याच वर्ध्यात 1941 साली जमनालाल बजाज यांच्या पुढाकाराने गोसेवा संघ उभा राहिला. आर्वी-कारंजा भागातील गवळाऊ गाय चराईवर पोसली गेलेली. तिच्या भूमिहीन गवळ्याजवळ कडब्याची गंजी नसते. गाय दगावली तर त्याचे भांडवलच जाते, आणि उरलेला कळप दुसऱ्या दिवशी त्याच धुऱ्यावर न्यावा लागतो.