नर पाठवा, नर!

उसाच्या पानामागे टाचलेल्या ट्रायकोकार्डातून, म्हणजे अंडी चिकटवलेल्या पुठ्ठ्यातून, निघणारा ट्रायकोग्रामा गांधीलमाशीच्या गोतातला, पण जेमतेम अर्धा मिलिमीटर. मादी खोडकिडीच्या अंड्यात आपलं अंडं घालते. काचपट्टीवर घेतला की मी आधी पाय बघतो: पावलाला तीनच पेरं, म्हणजे कुळ ठरलं. मग पंखावरच्या बारीक केसांच्या रांगा. मिशांवर लांब केस असतील तर नर. मादीच्या मिशीचं टोक गदेसारखं जाड. पण जात कोणती? रंगावर विसंबू नये, तो तापमानाप्रमाणे बदलतो. सुधा नागरकट्टी आणि एच. नागराज यांनी १९७१ साली दाखवून दिलं, की भरवशाची खूण नराच्या जननांगात असते. म्हणून जात ओळखायला नुसत्या माद्या पाठवणाऱ्यांकडे मी पुन्हा नर मागतो. वैतागतात बिचारे.