जाळी नीट बसली पाहिजे

हॅम रेडिओवाल्याला रिग आणि अँटेना यांवर बोलतं केलं, तर रात्र पुरत नाही. त्या दोघांना जोडणारी कोॲक्स केबल आणि तिच्या टोकांचे कनेक्टर यांचा विषय मात्र बहुधा काहीतरी बिघडल्यावरच निघतो. रिग आता बहुतेक जण तयारच घेतात. पण हॅकसॉ, कानस, दणकट सोल्डरिंग आयर्न आणि थोडं गणित एवढ्या भांडवलावर घरच्या टेबलावर आजही कनेक्टर घडतो, आणि मन लावून केला तर वर्षानुवर्षं चालतो. या छंदातली ही कारागिरी मला फार मोलाची वाटते.

कोॲक्सची रचना साधी आहे. मधे तांब्याची तार, तिच्याभोवती पॉलिथिनसारखा इन्सुलेटर, त्यावर तांब्याची विणलेली जाळी आणि सगळ्यांवर काळं आवरण. ऑलिव्हर हेविसाइडने १८८० मध्ये इंग्लंडमध्ये या रचनेचं पेटंट घेतलं. केबलचा ५० ओहमचा इंपीडन्स ठरतो तो दोन गोष्टींवरून : मधल्या तारेची जाडी आणि जाळीचा आतला व्यास यांचं गुणोत्तर, आणि त्या दोहोंच्या मधे काय भरलं आहे ते. मधे नुसती हवा असेल तर हे गुणोत्तर २.३ लागतं, टेफ्लॉन असेल तर साधारण ३.३५. म्हणजे टेफ्लॉनच्या दांड्यात ३ मिमीची पिन बसवायची, तर भोवतीच्या पितळी नळीचा आतला व्यास १० मिमी हवा. लेथवाल्याला एवढे आकडे लिहून दिले की काम सुरू होतं. कनेक्टर म्हणजे केबलचाच पुढचा तुकडा. फरक इतकाच की तो खोलता येतो.

आपल्याकडे सगळ्यात जास्त वापरला जाणारा पीएल-२५९ मात्र हे गुणोत्तर पाळत नाही. १९३० च्या दशकात अँफेनॉल कंपनीच्या क्वाकेनबुशने तो बनवला, आणि त्याच्या आत इंपीडन्स ५० ओहमच्या खाली जातो. तरी एचएफवर, म्हणजे लघुलहरींवर, कुणाचं काही अडत नाही, कारण ४० मीटरच्या लहरीपुढे कनेक्टरचे तीनेक सेंटिमीटर नगण्य असतात. १४४ मेगाहर्ट्झपर्यंतही तो निभावून नेतो. त्याच्यावर जायचं तर बेल लॅबच्या पॉल नील यांचा १९४० च्या दशकातला एन कनेक्टर घ्यावा. ४३२ मेगाहर्ट्झसाठी घरी खटपट करू नये, असं माझं मत आहे. तिथे मिलिमीटरचे अंश मोजावे लागतात.

नवशिक्याचं सारं लक्ष मधल्या पिनवर असतं. पिन सरळ बसली, सोल्डर चकाकलं, की तो खूश. जोड खराब होतो तो बहुतेक वेळा जाळीमुळे. जाळी पिळून तिची शेपटी करायची आणि ती कनेक्टरच्या अंगाला एका बाजूने चिकटवायची, ही पद्धत सर्रास दिसते. तीन सेंटिमीटरची अशी शेपटी म्हणजे साधारण २५ नॅनोहेन्रीची कॉइल. ७ मेगाहर्ट्झला तिचा अडथळा जेमतेम १ ओहमचा, म्हणून ४० मीटरवर सगळं सुरळीत वाटतं. तीच शेपटी १४४ मेगाहर्ट्झला २२ ओहमच्या वर जाते. शिवाय तेवढ्या जागेत मधली तार उघडी पडते, करंट जाळीच्या बाहेरच्या अंगाने परत खोलीत येऊ लागतो आणि माइकला ओठ लागले की चटका बसतो. जाळी पिनच्या भोवती सगळीकडून सारखी पसरलेली हवी. अँटेनाच्या टोकाला सॉकेट बसवतानाही हेच. सॉकेटच्या मागे तांब्याच्या पत्र्याचं नरसाळ्यासारखं टोपण कापून सोल्डर केलं, की जाळी त्याच्या अंगावर गोलाकार बसते. पत्र्याचा हा तुकडा कात्रीने दहा मिनिटांत होतो.

सोल्डरिंगची गोची उष्णतेची आहे. साधं सोल्डर १८३ अंशांच्या पुढे वितळतं आणि केबलमधलं पॉलिथिन ११० अंशांच्या आसपासच मऊ पडतं. बारीक आयर्न भीत भीत बराच वेळ टेकवून ठेवलं, तर सोल्डर धरायच्या आत पॉलिथिन ढिलं होतं, मधली तार एका बाजूला सरकते आणि कधी जाळीला जाऊन भिडते. म्हणून आयर्न ८०–१०० वॉटचं, जाड बिटाचं घ्यावं, चटकन टाका द्यावा आणि लगेच ओल्या फडक्याने थंड करावं. पीएल-२५९ च्या अंगाला सोल्डरसाठी चार भोकं असतात. त्यांच्या कडेचा निकेल आधी कानशीने घासून खालचं पितळ उघडं केलं, तर सोल्डर पाण्यासारखं आत उतरतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत कनेक्टर घेताना आतला इन्सुलेटर टेफ्लॉनचा आहे का ते विचारावं. घरी आल्यावर गरम आयर्न टेकवून खात्री होते. टेफ्लॉन वितळत नाही, साधं प्लास्टिक लगेच खाली बसतं.

घरगुती कनेक्टरची खरी परंपरा वाढली ती अमेरिकेत, केबल टीव्हीच्या हार्डलाइनमुळे. ही ७५ ओहमची केबल म्हणजे ॲल्युमिनियमची अखंड नळी आणि तिच्यात फोमवर बसवलेली तार. रिळाच्या शेवटी उरलेले तुकडे हॅम मंडळींच्या हाती स्वस्तात पडत. तिचे कनेक्टर मात्र महाग, आणि ॲल्युमिनियमला साधं सोल्डर धरत नाही. त्यांनी प्लंबिंगच्या दुकानातलं अर्ध्या इंचाचं पितळी कॉम्प्रेशन फिटिंग आणलं. नट आवळला की आतली कडी ॲल्युमिनियमच्या नळीला घट्ट आवळून धरते. फिटिंगच्या दुसऱ्या तोंडात दोन्हीकडून मादी असलेला बॅरल सोल्डर करायचा आणि मधल्या बारीक तारेवर पितळी नळी चढवून ती बॅरलच्या ४ मिमीच्या भोकात सरकवायची. ७५ आणि ५० ओहमच्या फरकाने एसडब्ल्यूआर, म्हणजे किती लहर उलटी परतते त्याचं माप, १.५ येतो, तो एचएफवर सहज चालतो. सगळं सार त्या आवळणाऱ्या कडीत आहे : बाहेरचा कंडक्टर चहूबाजूंनी पकडला गेला.

आपल्याकडे केबलवाल्यांची आरजी-६ घरोघर आहे. तिची जाळी ॲल्युमिनियमची असते, तेव्हा तिला एफ कनेक्टरच लावावा. आपल्या कामाची वस्तू मोबाइल टॉवरवरून उतरलेली अर्ध्या इंचाची फीडर केबल. ती ५० ओहमची, आणि बाहेरची वळ्यावळ्यांची नळी तांब्याची. १४४ मेगाहर्ट्झला ३० मीटर आरजी-५८ या बारीक कोॲक्समधून अँटेनापर्यंत पाव शक्ती कशीबशी पोचते. या फीडरमध्ये एक डेसिबलही वाया जात नाही. एसी-फ्रिजच्या सुट्या भागांच्या दुकानात तांब्याची नळी मिळते. तिचा तुकडा उभा चिरून फीडरच्या वळ्यांवर कॉलरसारखा बसवायचा, तारेने आवळून कडेने सोल्डर करायचं आणि पुढे सॉकेट जोडायचं. मधली तार ४ मिमीहून थोडी जाड असते, ती कानशीने उतरवावी. पण ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची असते, म्हणून घासलेल्या जागी सोल्डरवर विसंबू नये, पिन घट्ट दाबून बसेल असंच माप ठेवावं. तांबं आतून चकचकीत हवं. १४४ मेगाहर्ट्झचा करंट तांब्याच्या जेमतेम साडेपाच मायक्रॉन थरातून वाहतो, आणि कळकटलेला थर त्याच्या वाटेतच येतो.

मग पाऊस. कोकणात तर खारी हवाही. पाणी कनेक्टरच्या फटीतून शिरून जाळीच्या धाग्यांमधून आत ओढलं जातं, तांबं आधी काळं, मग हिरवं पडतं. स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून खालून वर गुंडाळावी, म्हणजे कौलांसारखा वरचा थर खालच्यावर येतो. तिच्यावर पीव्हीसी टेप.

तपासताना फसवणूक होते ती एसडब्ल्यूआर मीटरने. केबल जितकी खराब, तितका आकडा गोड. १४४ मेगाहर्ट्झला ३० मीटर आरजी-५८ चं पलीकडचं टोक पूर्ण मोकळं सोडलं, तरी अलीकडे एसडब्ल्यूआर १.७ च्या आसपास दिसतो, कारण परतणारी शक्ती वाटेतच विरते. म्हणून टोकाला ५० ओहमचा डमी लोड लावून तिथे किती वॉट पोचतात ते मोजावं. १०० वॉटला केबलमधून १.४ अँपिअर वाहतात. जोडात १ ओहम जरी अडला, तरी तिथे २ वॉट उष्णता होते आणि काही मिनिटं प्रसारण केल्यावर कनेक्टर बोटांना कोमट लागतो. हल्ली खिशात मावणारा नॅनोव्हीएनए अनेकांकडे आहे. तो केबलवरचा अंतराचा आलेख काढतो आणि कुठल्या मीटरवर खोट आहे ते उंचवट्याने दाखवतो. आलेख पडद्यावर ठेवून कनेक्टरजवळची केबल हळूच वाकवावी. रेषा थरथरली, तर जाळी सुटली आहे. दोन इंच कापून जोड नव्याने करावा.