घरी बनवूया मिग-२१ : बहात्तर पटींनी लहान विमान

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडमध्ये भारतीय हवाई दलाने मिग-२१ या लढाऊ विमानाला निरोप दिला. १९६३ साली याच चंदीगडमध्ये या विमानांची पहिली तुकडी उभी राहिली होती. बासष्ट वर्षांची ही सेवा, आणि तिच्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. नाशिकजवळ ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ मध्ये याच विमानासाठी उभारला गेला. शेकडो मिग तिथून बाहेर पडली. सांगाडा ओझरला बने, तर इंजिन ओडिशातल्या कोरापुटला.

आता हे विमान आकाशात दिसणार नाही. पण आपल्या घरात, आपल्या मुलांच्या हातून ते बनू शकते. बाजारात त्याचे प्लास्टिकचे सुटे भाग डब्यात मिळतात. ते जोडायचे, घासायचे, रंगवायचे आणि त्यावर आपल्या हवाई दलाच्या खुणा लावायच्या. या छंदाला स्केल मॉडेलिंग म्हणतात. मुलांच्या हाती मोबाइलखेरीज काय द्यावे, हा प्रश्न आज प्रत्येक अम्मी-अब्बांना पडलेला आहे. त्याचे एक उत्तर इथे मिळू शकते.

छोटे आणि प्रमाणबद्ध यांतला फरक

आधी एक गैरसमज दूर करू. स्केल मॉडेल म्हणजे नुसते छोटे विमान नव्हे. आम्हा नेरळकरांना हा फरक चटकन कळावा. आमच्या स्टेशनात दोन रूळ शेजारी-शेजारी दिसतात. मुंबई-पुणे मार्गाच्या रुळांत १६७६ मिलिमीटर अंतर, तर अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी बांधलेल्या आणि १९०७ मध्ये सुरू झालेल्या माथेरानच्या गाडीच्या रुळांत फक्त ६१० मिलिमीटर. म्हणजे रूळ जवळजवळ पावणेतीन पटींनी अरुंद. पण गाडीतले बाक आणि दारेही पावणेतीन पटींनी लहान केली असती, तर तिच्यात कोणाला बसता आले असते का? माथेरानची गाडी छोटी आहे, मोठ्या गाडीची प्रमाणबद्ध प्रत नाही.

मॉडेलमध्ये मात्र प्रत्येक मापाला एकाच संख्येने भागतात. सर्वांत प्रचलित प्रमाण १:७२ हे आहे. मिग-२१ च्या पंखांचा विस्तार सुमारे ७१५ सेंटिमीटर. त्याला ७२ ने भागले की दहा सेंटिमीटरला थोडे कमी. पावणेसहा फुटी माणूस या मापात जेमतेम अडीच सेंटिमीटरचा होतो. वर्गात गुणोत्तर-प्रमाण शिकवताना जी मुले फळ्याकडे पाहून जांभया देतात, तीच पट्टी घेऊन पंख मोजू लागली की भागाकार आपणहून करतात.

खरी गंमत उलट गणितात आहे. मॉडेलच्या पंखाची मागची कड एक मिलिमीटर जाड राहिली, तर खऱ्या विमानात ती सात सेंटिमीटरहून जाड ठरेल! म्हणून ती घासून पातळ करायची. रंगाचा थर एक दशांश मिलिमीटर चढला, तर खऱ्या विमानावर सात मिलिमीटरचे लिंपण झाले. म्हणून रंग पातळ करून दोन-तीन हलके हात द्यायचे. ‘नीट कर’ असे दहादा सांगून जे होत नाही, ते हे ७२ चे गणित करून दाखवते.

कामाची रीत

सुटे भाग प्रथम भांडी धुण्याच्या साबणाने धुऊन वाळवावेत. कारखान्यात साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर त्यावर असतो, तो राहिला तर रंग धरत नाही. भाग चौकटीतून ओढून तोडू नयेत, नेलकटरने किंवा छोट्या कटरने कापावेत. धारदार पात्याचे काम मोठ्यांनी करावे. कापलेली जागा पॉलिश पेपरने गुळगुळीत करावी. चिकटवण्यापूर्वी भाग एकदा कोरडेच जुळवून पाहावेत. प्लास्टिकच्या गोंदाला उग्र वास असतो, तेव्हा खिडकी उघडी हवी.

मिगच्या नाकाच्या तोंडाशी एक शंकू असतो. तो शोभेचा नाही. आवाजाहून वेगाने आत घुसणाऱ्या हवेचा वेग इंजिनापर्यंत जाण्याआधी कमी व्हावा, म्हणून तो आहे, आणि खऱ्या विमानात तो पुढे-मागे सरकतो. मॉडेलमध्ये त्याच्या मागच्या पोकळीत थोडे वजन भरावे, चार-दोन छोटे स्क्रूही चालतील. नाहीतर तयार झालेले विमान शेपटीवर बसते. हे वजन दोन्ही बाजू चिकटवण्यापूर्वीच भरावे लागते.

वैमानिकावरच्या पारदर्शक काचेला झटपट चिकटणारा गोंद लावू नये, त्याच्या वाफेने काच पांढुरकी होते. तिथे आपला साधा पांढरा फेविकॉल उत्तम. काही डब्यांत वैमानिकाची छोटी आकृतीही येते. ज्या घरांना आकृती नको असेल, त्यांनी ती लावू नये, विमान जमिनीवर उभे दाखवावे. मॉडेलात काही उणे राहत नाही.

आमच्याकडे पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की रंग उशिरा वाळतो, फवारलेला रंग कधी पांढुरकाही पडतो. म्हणून जोडणी पावसाळ्यात आणि रंगकाम दिवाळीनंतर, असा बेत बरा.

आपल्या पसंतीचे विमान

डब्यावर बहुधा रशियाचे चित्र आणि लाल तारा असतो. तिथून आपले स्वतःचे काम सुरू होते. सुरुवातीची अनेक भारतीय मिग धातूच्याच चकाकत्या रंगाची होती, १९७१ च्या युद्धात काहींवर हिरवट पट्टे-ठिपके आले, अखेरच्या काळातली ‘बायसन’ राखाडी. म्हणजे रंग निवडणे हे वर्ष निवडणे आहे. मुलाला आधी विचारावे, ‘तुझे विमान कोणत्या सालचे?’ उत्तरासाठी त्याला जुने फोटो शोधावे लागतील. मात्र डब्यातला प्रकार आणि निवडलेले वर्ष जुळते का, हेही तपासावे.

हवाई दलाचे वर्तुळ बाहेरून केशरी, मध्ये पांढरे, आत हिरवे. तयार चिकटचित्र मिळाले तर कोमट पाण्यात भिजवून अलगद सरकवावे, न मिळाल्यास पातळ कागदावर कंपासने काढावे. नाकापुढची लांब सळई हवेचा वेग मोजण्यासाठी असते. प्लास्टिकची सळई हमखास मोडते, तिच्या जागी शिवणाची बारीक सुई लावली तर अधिक खरी दिसते. घरात लहान बाळ असेल तर टोक बोथट करावे.

मुलांना काय सांगायचे

हे युद्धाचे यंत्र आहे, हे मुलांपासून लपवू नये. बॉम्ब-क्षेपणास्त्रे न लावताही मॉडेल पूर्ण होते, त्याचा निर्णय घरात बोलून घ्यावा. आणि हेही सांगावे की मिग-२१ च्या अपघातांत आपले अनेक तरुण वैमानिक गेले. एखादा पंख वाकडा चिकटला तर मॉडेल पुन्हा जोडता येते. खऱ्या विमानात मापाची चूक माणसाच्या जिवावर बेतू शकते. ओझरच्या कारखान्यात माप घेणाऱ्या फिटरच्या हातावर वैमानिकाचा भरवसा असतो. हाताच्या कामाची इज्जत मुलांना यातून कळते.

मुलींना बाजूला ठेवू नये. १९ फेब्रुवारी २०१८ रोजी अवनी चतुर्वेदी यांनी जामनगरला एकटीने मिग-२१ बायसन उडवले. लढाऊ विमान एकटीने उडवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. हैदराबादचे एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ १९७८ ते १९८१ हवाई दलप्रमुख होते, पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. ही नावेही टेबलावर काम करता करता सांगावीत.

खर्चाचे काय?

हा इसराफ तर नाही ना, असे कोणी विचारेल. महागडा डबा आणून तो कपाटात पडून राहिला तर नक्कीच इसराफ. पण डब्यावाचून अडत नाही. मिग-२१ चे धड नळीसारखे आणि पंख त्रिकोणी, त्यामुळे ते पुठ्ठ्यातही छान बनते. ईदच्या मिठाईचा डबा किंवा बुटांचा खोका पुरतो. १:३६ हे प्रमाण घ्यावे, म्हणजे पंखांचा विस्तार सुमारे वीस सेंटिमीटर येतो आणि लहान हातांना काम सोपे जाते.

इशानंतरचा अर्धा तास यासाठी ठेवला, तर एका सुट्टीत विमान उभे राहते. तोवर एखाद्या रविवारी लोकलने दादर गाठून वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात जावे. तिथे १९६१ मध्ये प्रथम उडालेल्या ‘मरुत’ या भारतीय बनावटीच्या जेट प्रकारातले एक विमान ठेवलेले आहे. मुलाला त्याच्या लांबीची पावले मोजू द्या आणि आकडा वहीत लिहून घ्या. घरी आल्यावर ७२ ने भागायचे काम तो स्वतःच करील, इन्शाअल्लाह.